मादाबा, नबो आणि यार्देनचा पूर्वकाठ: जमिनीवर वाचलेलं बायबल

वसई-मुंबईकडून निघणाऱ्या पवित्र भूमीच्या सहलींमध्ये जॉर्डनच्या वाट्याला बहुतेक वेळा जेमतेम एक दिवस येतो. नबो डोंगरावर फोटो, मादाबा गावातल्या चर्चच्या जमिनीवरचा नकाशा घाईघाईने, आणि बस पुढे. आम्ही गटाबरोबर न जाता स्वतः गेलो आणि मुक्काम अम्मानऐवजी मादाबात ठेवला. जाणाऱ्यांनी हेच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. विमानतळ मादाबाहून जवळ पडतो, गाव पायी फिरण्याजोगं आहे, आणि बाकीची ठिकाणं टॅक्सी ठरवून इथूनच गाठता येतात.

सेंट जॉर्ज हे इथलं ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडच्या केरक गावाहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या ओसाड जागी पुन्हा वस्ती केली. जुन्या पडक्या चर्चच्या जागेवर नवं बांधताना १८८४ मध्ये जमिनीत एक रंगीत नकाशा सापडला. तो सहाव्या शतकातला, लहान लहान दगडी तुकड्यांनी बनवलेला, म्हणजे मोझेक. बराच भाग नष्ट झाला आहे, पण जे उरलं आहे त्यात लेबनॉनपासून नाईलच्या मुखापर्यंतचा प्रदेश दिसतो, तोही पूर्व दिशा वर धरून. गावांची नावं ग्रीकमध्ये, काही ठिकाणी सोबत बायबलमधला संदर्भही. यरीहोभोवती खजुराची झाडं आहेत. यार्देन (जॉर्डन) नदीतला एक मासा मृत समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून मागे फिरलाय, तो शोधाच.

सगळ्यात जास्त वेळ नकाशातल्या यरुशलेमपाशी थांबा. तटबंदी, दमास्कस दरवाजाच्या आतला उंच खांब, खांबांच्या रांगांचा मुख्य रस्ता आणि येशूच्या कबरीच्या जागेवरचं पवित्र कबरीचं चर्च, हे सगळं ओळखता येतं. रस्त्याच्या दक्षिण टोकाला सम्राट जस्टिनियनने बांधवलेलं ‘नवं चर्च’ दाखवलं आहे. १९७० च्या दशकात यरुशलेममध्ये उत्खनन झालं, तेव्हा या चर्चचा पाया आणि तो रस्ता, दोन्ही नकाशात दाखवल्याप्रमाणेच सापडले. मात्र यावरून बायबलमधली एखादी घटना सिद्ध होत नाही. चौदा-पंधरा शतकांपूर्वीचे भाविक तो ग्रंथ हातात घेऊन ही जमीन कशी वाचत होते, हे मात्र लख्ख दिसतं. मला या प्रवासात सर्वाधिक भावलं ते हेच.

रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा पर्यटकांना आत सोडत नाहीत. इतर दिवशीही दारं उघडताच जा, दहानंतर बसगाड्यांची रांग लागते. आत शिरण्याआधी बाहेर लावलेली नकाशाची मोठी प्रत नीट वाचून घ्या, मग जमिनीवरचं पटकन उमगतं. जवळच्या प्रेषितांच्या चर्चमधला समुद्रदेवतेचा मोझेकही चुकवू नका. तो ५७८ सालचा असून करणाऱ्या कारागिराने त्यात आपलं नाव सालामानियोस असं लिहून ठेवलंय.

नबो डोंगर सुमारे दहा किलोमीटरवर. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायानुसार इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याने इथून वचनदत्त देश पाहिला आणि तो मवाबात, म्हणजे याच प्रदेशात मेला. त्याची कबर कुणालाच ठाऊक नाही, असं तिथेच लिहिलंय. तरीही चौथ्या शतकाच्या अखेरीस आलेल्या एगेरिया नावाच्या यात्रेकरू बाईला मठातल्या साधूंनी कबरीची जागा दाखवली. वाडवडिलांनी आम्हाला दाखवली म्हणून आम्ही तुम्हाला दाखवतो, असा त्यांचा खुलासा तिने नोंदवलाय! १९३० च्या दशकापासून फ्रान्सिस्कन या कॅथोलिक संघाच्या साधूंनी इथे उत्खनन केलं. जुन्या बाप्तिस्मा-कुंडाच्या खोलीतला शिकारी आणि मेंढपाळांचा मोझेक अप्रतिम आहे. इथे सकाळीच जा: दरी पश्चिमेला असल्याने ऊन पाठीशी राहतं. दुपारी धुरकट होतं आणि यरुशलेम दिसण्याची आशा सोडावी लागते.

मादाबाच्या आग्नेयेला साधारण तीस किलोमीटरवरच्या उम्म अर-रसासला फारसं कुणी जात नाही. आम्ही होतो तोवर तर दुसरं कुणीच नव्हतं. सेंट स्टीफन चर्चचा मोझेक मोठ्या छपराखाली आहे आणि उंच पुलावरून खाली बघायचं असतं, त्यामुळे दुर्बीण न्या. यार्देनच्या दोन्ही काठांवरची शहरं त्यात नावानिशी आहेत. मोझेकमध्ये कोरलेल्या मजकुरातलं साल साधारणतः इ.स. ७८५ असं वाचलं जातं, म्हणजे हा अब्बासी या मुस्लीम खलिफांचा काळ. त्या राजवटीत इथले ख्रिस्ती लोक ऐपतीने चर्चची जमीन सजवत होते, हे बघून डोक्यातली बरीच ठोकळेबाज समजूत गळून पडते. माणसांच्या आकृती मात्र नंतर कुणीतरी काळजीपूर्वक उखडून तिथे तेच तुकडे विस्कटून बसवलेत. तुम्ही परत निघेपर्यंत टॅक्सी थांबवून ठेवा, कारण तिथे दुसरं वाहन मिळणं कठीण. खायला-प्यायलाही काही नाही.

येशूच्या बाप्तिस्म्याची जागा मानलं जाणारं, यार्देनच्या पूर्वकाठावरचं अल-मगतस २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. १९९४ च्या इस्राएल-जॉर्डन शांतता करारानंतर इथले सुरुंग काढले गेले आणि मग उत्खनन झालं. सीमेचा भाग म्हणून फक्त तिथल्याच बसने आणि वाटाड्यासोबतच फिरता येतं. पासपोर्ट जवळ असू द्या. नदी इतकी अरुंद आणि गढूळ आहे की सोबतच्या मावशींचा क्षणभर विश्वासच बसेना. समोरच्या काठावर दुसऱ्या देशातले यात्रेकरू पाण्यात उतरताना दिसतात. गंमत अशी की मादाबाचा नकाशा बाप्तिस्म्याचं ठिकाण, बेथाबारा, पश्चिम काठावर दाखवतो, तर योहानाचं शुभवर्तमान यार्देनेपलीकडची बेथानी म्हणतं. वाटाड्याला हे विचारून बघा. आमचा हसला आणि त्याने आपल्या काठाची बाजू घेतली. उन्हाळ्यात इथे जीव नकोसा होतो, मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा.

पैशांचं थोडं. पेट्राही बघणार असाल तर निघण्यापूर्वी ‘जॉर्डन पास’ हे अनेक स्थळांचं एकत्रित तिकीट घ्या. किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसा शुल्कही त्यातच माफ होतं. मात्र नबो, सेंट जॉर्ज आणि अल-मगतस यांची तिकिटं वेगळी काढावी लागतात. भारतीय पासपोर्टचे व्हिसा नियम बदलत असतात, ते तिकीट काढण्याआधी तपासा. इस्राएलला जाऊन परत जॉर्डनमध्ये यायचं असेल तर यार्देनवरच्या सीमेवरील किंग हुसेन पुलावर जॉर्डनचा व्हिसा मिळत नाही, तो आधीच हातात हवा. शिवाय त्या पुलाच्या वेळा बदलत असतात, म्हणून आधी तपासा आणि ओलांडायचा दिवस आठवड्याच्या मधला धरा.