नाथसागर : होडी कुठं थांबवायची

पैठण, जानेवारीचा दुसरा आठवडा

थंडी चांगली धरली आहे. जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयावर पट्टकादंब (राजहंसासारखे मोठे पक्षी), चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं उतरली आहेत आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना बघायला येणारी माणसंही वाढली आहेत. होडीत बसता बसता जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "किती जवळ जाता येईल?" होडीतून पक्षी दाखवायच्या या कामातली खरी कसोटी थांबायचं कुठं हे ओळखण्यात आहे, असं मला दिवसेंदिवस जास्त पटत चाललंय.

वाट रोज नव्यानं ठरवावी लागते. जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट. त्या पातळीला उथळ पाणी थोडंच उरतं, पक्षी विखुरतात. पाणी उतरू लागलं की गाळाच्या पट्ट्या उघड्या पडतात आणि शेकाटे, मालगुझे असे लांब पायांचे पक्षी आणि रोहित (फ्लेमिंगो) तिथं गोळा होतात. त्यामुळे गेल्या आठवड्यातली जागा या आठवड्यात रिकामी निघू शकते. पहाटे जाळी बघून परतणाऱ्या भोयांना दोन गोष्टी विचारायच्या: थवे कुठं बसलेत आणि जाळी कुठं लावलीत.

वाऱ्याचं गणित चुकलं तर बाकी सगळं वाया जातं. जलाशय जवळपास ५५ किलोमीटर लांब आणि रुंदीला २७ किलोमीटरपर्यंत, पण बहुतेक ठिकाणी उथळ. वाऱ्याला मोकळं पाणी लांबवर मिळतं आणि उथळपणामुळे लाटा बुटक्या, उभ्या, एकीला एक लागून येतात. लहान होडीत पाणी शिरतं ते याच लाटांनी. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडचा. पैठणच्या बाजूनं पश्चिमेला निघालं की जाताना तो पाठीशी असतो, प्रवास सोपा वाटतो. येताना तोच तोंडावर. परतीला दुप्पट वेळ धरायचा, उजाडताना निघायचं आणि अकराच्या आत काठाला लागायचं.

सहा जणांची होडी असेल तर नावाडी धरून पाचच. पिशव्या मधोमध तळाशी. थवा दिसला की सगळे एकाच बाजूला झुकतात, म्हणून हे निघायच्या आधीच बजावायचं, आणि उभं तर कुणीच राहायचं नाही. लाईफ जॅकेट पोहता येणाऱ्यालाही. त्याच्या भडक रंगानं पक्षी बुजतील म्हणून काही जण ते काढायला बघतात. पक्षी हातवाऱ्यांनी जास्त बुजतात, जॅकेट अंगावरच ठेवायचं. पाणी उपसायला कापलेला कॅन, इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या जास्तीच्या पिना, पक्कड. काठाजवळ बुडालेली बाभळीची खोडं असतात. तिथं इंजिन वर उचलून बांबूनं रेटायचं. पंख्यात जाळी अडकली तर इंजिन बंद करून, पंखा हातानं उलटा फिरवून सोडवायची. त्या जाळीवर कुणाचं तरी घर चालतं, सुरी अगदी शेवटी.

थव्यापासून तीनशे मीटरवर इंजिन बंद. पुढं वल्ही. वल्हं होडीच्या काठावर जिथं टेकतं तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. लाकडाचा ठोका शांत पाण्यावर फार लांब जातो. थव्यावर सरळ चाल करायची नाही. तिरकं जायचं, सूर्य पाठीशी ठेवायचा. पक्षी वाऱ्याच्या तोंडाला उडतात, म्हणून वारा येतो ती बाजू त्यांच्यासाठी मोकळी सोडायची. फोटोसाठी नेमकं त्याच बाजूला होडी न्यायचा आग्रह होतो. तिथं ठाम नाही म्हणायचं.

आता थव्याकडे बघायचं. रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवून, पाय नाचवत चरत असतात. आधी कडेचे दोन-चार मान वर करतात. मग चरणं थांबतं, माना ताठ होतात आणि सगळा थवा एका दिशेनं चालू लागतो. पहिल्या माना वर झाल्या तिथंच वल्ही थांबवायची. पक्षी चालू लागले तर होडी मागं घ्यायची. वारकरी नावाचे काळे पाणपक्षी विखुरलेले असतात ते एकमेकांना खेटून गोळा होतात, तीही तीच खूण. दहा मिनिटं गप्प बसलं तर बहुतेकदा माना परत खाली जातात आणि मग जे बघायला मिळतं ते उडालेल्या थव्यात कधीच मिळत नाही. पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे, एक डोळ्याशी आणि एक त्याच्या मागं, दुर्बिणीतून स्वच्छ मोजता येतात.

पट्टकादंब दुपारी पाण्याकाठी पेंगतात म्हणून ते निवांत आहेत असं समजू नये. रात्री आणि पहाटे ते गाळपेऱ्याच्या, म्हणजे पाणी उतरलेल्या जमिनीत पेरलेल्या, गव्हा-हरभऱ्यात चरतात, दिवसा विश्रांती घेतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना हिमालय ओलांडून परत जायचंय. त्यासाठीची चरबी इथंच साठते. दिवसातून चार होड्यांनी त्यांना उठवलं तर ती उडण्यातच जाते.

मार्चपासून बेटांवर उतरणं पूर्ण बंद. नदी सुरय ही पाणपाखरं उघड्या वाळूत अंडी घालतात आणि ती वाळूच्याच रंगाची असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. आईबाप उठले की उन्हात अंडी काही मिनिटांत भाजतात. डोक्यावर सुरय ओरडत घिरट्या घालू लागल्या की होडी बेटापासून लांब घ्यायची.

१९८६ पासून हे अभयारण्य आहे, तेव्हा वन्यजीव विभागाची परवानगी हातात नसेल तर होडी पाण्यात घालायची नाही. परतल्यावर वहीत पाण्याची पातळी, वारा, थव्यांच्या जागा आणि पक्षी किती अंतरावर बुजले ते लिहायचं. हे शेवटचं अंतर पाहुण्यांसमोरच लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी ते जवळ जायचा हट्ट कमी करतात.