अण्णांचा राब आणि माझा ट्रे

नोव्हेंबरात पहिला पाऊस पडून गेल्यावर मी परसात मॅन्झनिटा या इथल्या रानझुडपाचं बी ट्रेमध्ये पेरलं, वर पाइनच्या सुक्या सुया पसरल्या, पाण्याची बादली शेजारी ठेवली आणि काडी लावली. कर्जतहून व्हिडिओ कॉलवर अण्णा म्हणाले, "अगं, तिकडेही राब भाजतेस होय?"

दिसत होतं तसंच. पण आपला राब, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजायचा पेरणीआधी, तण मरावं आणि राख मिळावी म्हणून. इथे बी आधीच मातीत असतं आणि आग त्याच्या डोक्यावरून जाते.

इथे म्हणजे कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या पूर्वेकडे. 2003 च्या सीडर वणव्यात या बाजूचा 2 लाख 70 हजार एकरांहून जास्त मुलूख जळला. इथल्या टेकड्यांवर सिअॅनोथस असतं, निळ्या फुलांचं, आपल्या बोराच्या कुळातलं झुडूप. त्याचं बी मातीत कित्येक दशकं पडून राहतं, कारण कवचातून पाणीच आत शिरत नाही. वणव्याची धग ते कवच उघडते. बी फार वर असेल तर फुटाण्यासारखं भाजून निघतं, फार खोल असेल तर धग पोचत नाही. मग हिवाळ्याचा पाऊस आणि गारवा हवा.

मी ते स्वयंपाकघरात करायला गेले. पहिल्या खेपेला बी चहासारखं उकळत ठेवून विसरले, लगदा झाला. दुसऱ्या खेपेला पाणी उकळून गॅस बंद केला, जरा थांबून ते बियांवर ओतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी बरंचसं बी टपोरं फुगलेलं. मग ओल्या वाळूत घालून दोन महिने फ्रीजमध्ये. (उरलेलं कोरडं बी आमच्या ह्यांनी मोहरी समजून फोडणीत घातलंच होतं, थोडक्यात वाचलं.) फेब्रुवारीत निम्म्याहून जास्त उगवलं. तसंच कोरडं पेरलेल्यातून एकच कोंब आला.

मॅन्झनिटाला मात्र नुसती धग पुरत नाही, जळक्या लाकडातली, धुरातली द्रव्यं लागतात. म्हणून त्या सुया.

"म्हणजे आग चांगलीच की," अण्णा म्हणाले. छे! झुडपाला बी धरायला काही वर्षं लागतात. त्याआधीच दुसरा वणवा आला तर मातीतली शिल्लक संपते आणि टेकडीवर परदेशी गवत माजतं.

मॅन्झनिटाच्या ट्रेमध्ये अजून काही नाही. अण्णा दर रविवारी विचारतात, "राब उगवला का गं?"