भोंगा, चिठ्ठी आणि शेवटचे अठ्ठेचाळीस तास

सकाळी आठच्या सुमाराला नागपूरच्या सक्करदरा चौकातून प्रचाराचा ऑटो जातो, तेव्हा त्यावरचा भोंगा एकदा नीट ऐका. अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या गाण्यात उमेदवाराचं नाव पुन्हा पुन्हा येतं, चिन्ह त्याच्या मागोमाग येतं आणि शेवटी मतयंत्रावरचा अनुक्रमांक. रस्ते, पाणी, नाग नदी वगैरे आलंच तर एका ओळीत उरकतात. गाणं लिहिणाऱ्याला मुद्दे सुचले नाहीत असं नसतं. तर्रीपोह्याच्या ठेल्यावर उभा असलेला माणूस फार तर दहा सेकंद कान देतो, तेवढ्यात ऑटो वळून जातो. त्या दहा सेकंदांत डोक्यात शिरतील अशा गोष्टी तीनच: नाव, चिन्ह, नंबर.

राजकारणात रस नसलेल्या मतदारावर जाहिरातीचा काय परिणाम होतो असं विचारलं की 'लोक भुलतात' हे उत्तर ठरलेलं असतं. ते आळशी उत्तर आहे. भुलायला आधी लक्ष द्यावं लागतं, आणि हा माणूस लक्षच देत नाही. जाहिरात त्याचं मत बदलायच्या भानगडीत फारशी पडत नाही. मतदानाच्या तीन-चार दिवस आधी त्याला काय आठवावं, आणि त्या दिवशी घराबाहेर पडावंसं वाटावं की नाही, एवढंच तिला ठरवायचं असतं.

इथे दोन वेगळी माणसं आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. १९ एप्रिल २०२४ ला नागपूर लोकसभेचं मतदान झालं तेव्हा बावीस लाखांच्या वर मतदार होते आणि मतदान चोपन्न टक्क्यांच्या आसपास झालं. म्हणजे दहा लाख लोक घरीच. त्यांच्यात रोज तीन पेपर वाचणारे धरमपेठेतले काकाही असतात, ज्यांना सगळं ठाऊक आहे पण एप्रिलच्या उन्हात रांग नको. दुसरा माणूस नेमाने मत देतो, पण उमेदवार कोण हे त्याला केंद्राच्या फाटकापर्यंत माहीत नसतं. पहिल्याला उठवायचं किंवा बसवून ठेवायचं असतं, दुसऱ्याला चिन्ह पाठ करून द्यायचं असतं. दोघांसाठी माल वेगळा तयार होतो.

दुसऱ्या माणसापासून सुरू करू. आपल्या मतयंत्रावर पक्षाचं नाव नसतं. अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव, फोटो, चिन्ह, एवढंच. नागपुरात २०२४ ला २६ उमेदवार होते. एका यंत्रावर 'नोटा' (वरीलपैकी कोणीही नाही) धरून १६ बटणं बसतात, म्हणून दोन यंत्रं शेजारी ठेवावी लागली. एवढ्या गर्दीत ज्याला नाव आठवत नाही तो चिन्ह शोधतो, आणि चिन्हाची आठवण किती ढोबळ असते ते त्याच निवडणुकीत साताऱ्याने दाखवलं. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. एका अपक्षाला मिळाली होती नुसती तुतारी, जिला पुढे सगळे पिपाणी म्हणायला लागले. पिपाणीला ३७ हजार मतं गेली, आणि तुतारीवाला उमेदवार पडला ३२ हजारांच्या फरकाने. ती सगळीच मतं चुकून पडली असं म्हणता येणार नाही. पण ज्या अपक्षाची सभा कोणी पाहिली नाही त्याला ३७ हजार मतं कुठून येतात, याचा अंदाज भोंगा ऐकणाऱ्या कोणालाही करता येईल. प्रचारात 'तुतारी, तुतारी' घोकलं गेलं, 'माणूस' राहून गेला.

घोकंपट्टीचं शास्त्रही जुनं आहे. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या अमेरिकी संशोधकांनी लोकांना तीच ती विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने ऐकवली. खरी असोत की खोटी, पुन्हा ऐकलेली विधानं लोकांना जास्त खरी वाटू लागली. ज्याला विषयाची माहिती आहे तोही यातून पूर्ण सुटत नाही, पण ज्याच्या डोक्यात त्या विषयाचं दुसरं काहीच नाही, त्याच्यासाठी ओळखीचं वाटणं हाच पुरावा होऊन बसतो. 'नाव ऐकल्यासारखं वाटते बाप्पा', एवढ्यावर बटण दाबलं जातं.

हा परिणाम टिकत मात्र नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २००६ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीआधी तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांच्या प्रचारात एक दुर्मीळ प्रयोग झाला. टीव्हीवरच्या जाहिराती कोणत्या भागात कधी लावायच्या ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि रोज लोकांना फोन करून कल विचारला. जाहिरात लागली की पाठिंबा चांगलाच वाढायचा, आणि आठवड्याभरात ती वाढ विरून जायची. पुढे २०१८ मध्ये काला आणि ब्रूकमन या दोन अमेरिकी संशोधकांनी ४९ प्रत्यक्ष प्रयोग एकत्र तपासले. मुख्य निवडणुकीत प्रचारामुळे मत फिरण्याचं प्रमाण सरासरीने जवळजवळ शून्य निघालं. परिणाम दिसला तो पक्षाची खूण नसते तिथे, म्हणजे पक्षांतर्गत लढतीत वगैरे. तिथले आकडे उचलून इथे चिकटवू नयेत, पण धागा उपयोगी आहे: पक्ष पाहून मत देणारा सहसा हलत नाही, आणि पक्षाची खूण पुसट झाली की जाहिरातीला जागा मिळते.

नागपुरात ती जागा महापालिकेच्या निवडणुकीत सापडते. २०१७ ला १५१ जागांसाठी ३८ प्रभाग होते, ३७ चार सदस्यांचे आणि एक तीनचा. २०११ च्या जनगणनेतली शहराची २४ लाख लोकसंख्या ३८ ने भागा, एका प्रभागात त्रेसष्ट हजार माणसं येतात. एका मतदाराने अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. चारपैकी एखादा उमेदवार मोहल्ल्यातला, ओळखीचा. उरलेल्या तिघांचं काय? त्यासाठी पॅनेलचा फ्लेक्स: चार चेहरे, एक चिन्ह, वर मोठा नेता. ओळखीच्या एका चेहऱ्याच्या पुण्याईवर तीन अनोळखी चेहरे निघून जातात. 'चारही बटणं एकाच चिन्हावर' ही घोषणा त्या तिघांसाठी असते.

आता पैशाचा हिशेब, कारण जाहिरात कशी दिसते ते बहुतेक वेळा त्यावरून ठरतं. महाराष्ट्रात उमेदवाराला खर्चाची मर्यादा लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पक्षाला मर्यादाच नाही. पक्षाने उमेदवाराचं नाव-फोटो न घालता सर्वसाधारण प्रचार केला तर तो खर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. नाव-फोटो आला की धरतात. स्टार प्रचारकाचंही तसंच: त्याचा प्रवासखर्च पक्षाचा, पण सभेत उमेदवार मंचावर बसला किंवा त्याचा फोटो लागला की सभेचा खर्च त्याच्या वाट्याला येतो. जिल्हा निवडणूक अधिकारी चहा-नाश्त्यापासून फ्लेक्सच्या चौरस फुटापर्यंत दरपत्रक ठरवतात आणि खर्च पथक आपली वेगळी वही ठेवतं, त्यामुळे कमी दाखवायला वाव थोडा. मग पेपरच्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात येते तीत नेता असतो, चिन्ह असतं, आणि तुमच्या मतदारसंघात कोण उभं आहे याचा पत्ता नसतो. ज्याला आधीच उमेदवार माहीत नाही, त्याला सगळ्यात महागड्या जाहिरातीतूनही तो कळत नाही. कायद्याने खर्चाला लगाम घालायला जावं आणि त्यातून हे निपजावं, ही गंमतच.

शेवटचे ४८ तास. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपायच्या वेळेआधी ४८ तास सभा, मिरवणुका आणि टीव्हीसारख्या माध्यमांवरचा प्रचार बंद. नागपुरात २०२४ ला १७ एप्रिलच्या संध्याकाळी सहाला भोंगे थांबले. पण परिणाम आठवडाभर टिकणारा असेल तर शांततेआधीचे दोन-तीन दिवस सोन्याचे, म्हणून १५ ते १७ तारखेला सगळा मारा. शिवाय बंदी मतदारसंघापुरती. वर्धा, अमरावतीचं मतदान २६ एप्रिलला होतं. तिकडच्या सभा टीव्हीवर चालू राहणार आणि नागपूरकर त्या घरबसल्या पाहणार. पेपरातली जाहिरात मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी चालते, फक्त जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीचं, म्हणजे एमसीएमसीचं, आधी प्रमाणपत्र लागतं. टीव्ही आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीला तर ते कधीही लागतं. उमेदवाराने किंवा नोंदणीकृत पक्षाने प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस आधी. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती, साक्षांकित संहिता आणि खर्चाचं निवेदन. गाडी अडते ती संहितेवर. आयत्या वेळी एक ओळ बदलली की प्रमाणपत्र जुन्या जाहिरातीचं राहतं.

या शांततेत जी एक गोष्ट अधिकृतपणे दारात येते ती मतदार चिठ्ठी. यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, शाळेचं नाव, खोली. नागपुरात यादीत नाव शोधणं हा वैताग आहे: घर मानेवाड्याला, नाव अजून महालच्या यादीत, नवरा एका शाळेत आणि बायको दुसऱ्या. जो कार्यकर्ता हे सोडवून देतो त्याची चिठ्ठी खिशात जाते. माझ्या मते सगळ्या माध्यमांत ताकदवान हीच, कारण ती मदत म्हणून येते आणि केंद्राच्या दारापर्यंत हातात राहते. नियम असा की मतदानाच्या दिवशी बूथवरून दिली जाणारी चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची हवी, त्यावर उमेदवाराचं नाव, पक्ष, चिन्ह काही नको. रंगीत, फोटोवाली चिठ्ठी आली तर ती जाहिरात समजा. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, देतात ती सरकारी माहिती चिठ्ठी वेगळी, आणि तीही ओळखपत्र म्हणून चालत नाही. ते सोबत न नेल्यामुळे दरवेळी काही लोक परत फिरतात.

आता घरी बसवण्याची जाहिरात. हिच्यावर कोणाचं चिन्ह नसतं. 'सगळे सारखेच', 'तुमच्या एका मताने काय होतं', 'निकाल तर लागल्यात जमा आहे' असा सूर, बहुतेक वेळा विनोदी रील किंवा व्हॉट्सॲप फॉरवर्ड. विरोधकाचा मतदार आपल्याकडे वळवणं कठीण, त्याला सोफ्यावर ठेवणं सोपं. असं काही फिरायला लागलं की फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाची ॲड लायब्ररी, म्हणजे जाहिरातींची खुली नोंदवही, उघडा. देश भारत निवडा, आणि प्रकार 'निवडणूक, राजकारण' हाच निवडा. तो न निवडता शोधलं तर फक्त चालू जाहिराती दिसतात. राजकीय म्हणून नोंदलेल्या जुन्या जाहिराती सात वर्षं ठेवलेल्या असतात. पैसे कोणी भरले ते नाव, खर्चाचा पल्ला, वयोगट, राज्य इतकं कळतं. जिल्हा कळत नाही, म्हणून 'नागपुरात किती ओतले' याचं उत्तर तिथे मिळणार नाही. पैसे भरणाऱ्याच्या जागी पक्षाऐवजी भलत्याच पेजचं नाव असू शकतं. आणि एखाद्या रीलवाल्याने जाहिरात न लावता आपल्याच खात्यावर तारीफ केली तर लायब्ररीत तिची नोंदच नसते. व्हॉट्सॲपवर तर लायब्ररी नाहीच. तिथे दुहेरी बाण दिसला की संदेश खूपदा पुढे पाठवलेला आहे, इतकंच.

कागदी पत्रकाचं त्या मानाने सोपं. त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे खाली मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता पाहिजे. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिखलफेकीची पत्रकं रात्रीतून दाराखाली सरकवली जातात, त्यांवर ही ओळ हमखास नसते. लोकसभा-विधानसभेला सी-व्हिजिल या निवडणूक आयोगाच्या तक्रार सुविधेवर फोटो टाकता येतो. फोटो तिथल्या तिथे काढलेलाच चालतो, गॅलरीतला नाही, त्यामुळे पत्रक घरी नेऊन मग तक्रार करू म्हटलं तर जागा चुकीची नोंदते. तक्रारीवर शंभर मिनिटांत कार्यवाही अपेक्षित आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथला रस्ता वेगळा.

एक जाहिरात मात्र उमेदवार स्वतःच्या खर्चाने स्वतःच्या विरोधात छापतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर गुन्हे दाखल असलेल्या उमेदवाराला ते पेपरात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावे लागतात. पहिल्यांदा अर्ज माघारीच्या शेवटच्या दिवसानंतर चार दिवसांत, दुसऱ्यांदा पाचव्या ते आठव्या दिवसात, तिसऱ्यांदा नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. अक्षर किमान १२ पॉइंटचं. तिच्यात गाणं नाही, चेहरा नाही, नुसता तक्ता: न्यायालय, प्रकरण क्रमांक, कलमं. ती पहिल्या पानावर शोधू नका. निविदा आणि जाहीर सूचनांच्या गर्दीत, आतल्या पानावर, बहुतेक खालच्या कोपऱ्यात सापडेल.