रस्त्यावरून केलेली पाहणी

13 मे 2024 च्या सोमवारी मी निवडणुकीच्या ड्यूटीवर होते. रात्री यंत्रं जमा करून बाहेर पडले, फोन चालू केला आणि घाटकोपरची बातमी समोर आली. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं होतं. मृतांचा आकडा पुढे 17 वर गेला. ते होर्डिंग 120 बाय 120 फुटांचं होतं आणि मुंबई महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 ची. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर नऊपट. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी एका महानगरपालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात, म्हणजे होर्डिंग आणि जाहिरात फलकांना परवानगी देणाऱ्या विभागात, निरीक्षक आहे. आमचं काम म्हणजे चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स उतरवणं, एवढंच लोकांना माहीत असतं. ते तर रोजचंच. सकाळी उतरवायचे, दुपारी कार्यकर्त्यांचे फोन घ्यायचे, संध्याकाळी त्याच खांबावर नवा चेहरा बघायचा. पण माझ्या मते खरी धास्ती परवानगी असलेल्या होर्डिंगची बाळगायला हवी. महानगरपालिका कायद्याच्या कलम 244 खाली आयुक्तांची लेखी परवानगी आहे, नूतनीकरण झालंय, सांगाडा भक्कम असल्याचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट जोडलंय. एकदा नस्ती, म्हणजे फाईल, पूर्ण झाली की त्या सांगाड्याकडे कुणी मान वर करून बघत नाही.

बुधवारी वरून आदेश आला, सगळी होर्डिंग जागेवर जाऊन तपासा. गुरुवारी सकाळी माझ्या यादीत सात जागा होत्या. तिसरी जागा पेठेतली, तीन मजली जुनी इमारत, गच्चीवर 40 बाय 20 चं होर्डिंग. समोर बसथांबा आणि खाली रसवंती.

लिफ्ट नव्हती. शेवटच्या मजल्यावरून गच्चीवर जायला लोखंडी शिडी. मुकादम आधी चढले, मागून मी. नस्ती उघडून सर्टिफिकेटवरचा फोटो समोर धरला. फोटोत सांगाड्याच्या मागे काळी प्लॅस्टिकची पाण्याची टाकी दिसत होती. आमच्यासमोर होती सिमेंटची टाकी, तीही इतकी जुनी की तिच्या कडेला पिंपळ उगवलेला. "मॅडम, ही ती गच्चीच नाही," मुकादम म्हणाले.

मी खाली बसून पाया बघायला लागले. सांगाड्याला सहा पाय होते. सर्टिफिकेटप्रमाणे सगळे आरसीसी कॉलमवर. प्रत्यक्षात दोनच कॉलमवर होते, बाकीचे चार गच्चीच्या कोब्यात प्लेट ठोकून उभे केलेले. कोबा म्हणजे पाणी गळू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा थर. त्याला कसली पकड? कठड्याजवळच्या प्लेटला चार बोल्ट हवे होते. दोन होते. एकाची नट बोटांनी फिरली. दुसऱ्यावर मी किल्लीने हलकंच टोकरलं, तर गंजाचे पापुद्रे सुटत गेले आणि आत पेन्सिलीएवढी जाड दांडी उरली. वर फ्लेक्स वाऱ्याने फुगायचा तेव्हा ती प्लेट एका बाजूने उचलली जायची आणि परत टेकायची. प्रत्येक वेळी बारीक टक् असा आवाज. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

वाऱ्याचं गणित फार अवघड नाही. आमच्या भागासाठी डिझाईनला धरायचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. त्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 93 किलो पडतो. 40 बाय 20 म्हणजे जवळजवळ 74 चौरस मीटर. पावणेसात-सात टनांचा रेटा असल्या पायांवर उभ्या सांगाड्यावर, आणि खाली बसची वाट बघणारी माणसं. वळवाचा पाऊस आला की माणसं आडोसा शोधतात. एप्रिल 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडला किवळ्यात असाच पावसा-वाऱ्यात होर्डिंगखाली आडोसा घेतलेली माणसं सापडली आणि पाच जण गेले.

मी वरिष्ठांना फोन केला आणि आजच काढायचं म्हणून सांगितलं. होर्डिंग लावणाऱ्या एजन्सीचा माणूस येईपर्यंत एक वाजला. "सर्टिफिकेट आहे ना, नोटीस द्या, आम्ही पंधरा दिवसांत उत्तर देतो," असं तो म्हणाला. मी त्याला हाताला धरून त्या प्लेटपाशी नेलं. तो खाली बसला, बघितलं आणि पुढे काही बोलला नाही.

काढण्यातही धोका असतो. ऑक्टोबर 2018 मध्ये पुण्यात जुन्या बाजाराजवळ होर्डिंगचा सांगाडा काढायचं काम चालू असतानाच तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला. चार माणसं गेली. त्यामुळे मुकादमांनी गॅस कटरवाल्याला बजावलं की पायाला हात लावायचा नाही, वरून एकेक अँगल कापत खाली यायचं. सगळ्यात आधी कापड. बिगाऱ्यांनी फ्लेक्सला उभे काप दिले आणि वारा आरपार जायला लागला. पोलिसांनी रस्ता अडवला, बसथांबा रिकामा केला, रसवंतीवाल्याने चरक झाकून ठेवला. गल्लीत क्रेन कशीबशी शिरली.

साडेचारला पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. तोवर वरचे तीन थर उतरले होते. मग वारा सुटला. धुळीचा असा लोट आला की समोरची इमारत दिसेना. आम्ही सगळे जिन्यात दाटीवाटीने उभे राहिलो. उरलेला सांगाडा करकरत होता, पण त्याच्यावर कापड नव्हतं. तो उभा राहिला. पाऊस वीस मिनिटांत थांबला.

त्या वीस मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या आजींनी आम्हाला घरात बोलावलं होतं. इमारत त्यांच्याच नावावर. होर्डिंगच्या भाड्यावर त्यांची औषधं चालायची, हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. चहाचा कप हातात देताना माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "गेल्या वर्षी तूच आली होतीस ना गं? खाली रस्त्यावर उभी होतीस. मी खिडकीतून म्हटलं, वर ये, तो खांब रात्री वाजतो. तू म्हणालीस, वेळ नाही आजी."

मला आठवलं. त्या दिवशी अकरा जागा होत्या. मी पलीकडच्या फुटपाथवरून फोटो काढला आणि जागीच अभिप्राय लिहिला होता, "प्रत्यक्ष जागेवर पाहणी केली. सांगाडा सुस्थितीत." खाली माझी सही.

"आजी, चुकलं माझं," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "आता आलीस ना. चहा निवतोय."

रात्री साडेनऊला शेवटचा पाय कापून झाला. पंचनामा लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या, दोन्ही बोल्ट पाकिटात घालून सील केले. सर्टिफिकेट देणाऱ्या इंजिनिअरवर आणि एजन्सीवर कारवाईचा प्रस्ताव तयार केला. मुकादम थांबले होते. मी प्रस्तावाखाली आणखी एक परिच्छेद लिहिला, की मागील वर्षीची पाहणी अधोस्वाक्षरीकाराने, म्हणजे मी, गच्चीवर न जाता रस्त्यावरून केली होती. मुकादमांनी वाचलं आणि विचारलं, "मॅडम, हे लिहायलाच पाहिजे का?"

मी सही केली, तारीख घातली आणि नस्ती वर पाठवली.