तुम्ही विचारलंत म्हणून: तेरमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय?

हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, सासरच्या लग्नकार्यांत विचारतात. तुळजापूरहून येताना वाट वाकडी करून जे तेरला जाऊन आले, ते तर तक्रारीच्या सुरात विचारतात. "तुम्ही एवढं सांगितलंत, आमचं तर अर्ध्या तासात बघून झालं." दरवेळी मी पाठ केलेलं उत्तर देते आणि दरवेळी समोरच्याचा चेहरा तसाच राहतो. म्हणून आज एकदाच, सगळं.

आधी ते पाठ केलेलं उत्तर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस' नावाचं एक ग्रीक व्यापारी टिपण लिहिलं गेलं. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं नगर असल्याचं आणि तिथून साधं कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असल्याचं म्हटलंय. पुढे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. तगर म्हणजेच धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं आमचं तेर, हे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये मांडलं. १९५८ मध्ये चापेकरांनी इथे उत्खनन केलं आणि सातवाहन काळाचे थर उजेडात आले.

हे सगळं खरं आहे आणि याचा मला अभिमान आहे. पण हे ऐकून जो गाडी काढतो, तो वेरूळ मनात धरून येतो. त्याला दिसतं ते सोयाबीन, तूर आणि उसाच्या शिवारातलं एक मोठं खेडं. अरुंद बोळ, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं, मधेच एक देऊळ. मग तो विचारतो, "नगर कुठंय?"

देऊळ नीट बघितलंत का, एवढं मला विचारायचंय. त्रिविक्रमाच्या देवळात तुम्ही पुढच्या मंडपातून आत गेलात, हात जोडलेत, बाहेर आलात. मागे वळसा घातला असतात तर मागची भिंत अर्धगोल आहे हे दिसलं असतं. वरचं छप्पर गजपृष्ठाकार आहे. मुळात तो विटांचा चैत्य आहे. मंडप नंतरचा आणि आतली त्रिविक्रमाची मूर्तीही नंतरची. कार्ल्याला, भाज्याला डोंगरात जो आकार कोरलाय तोच इथे विटांनी उभा केलाय, आणि विटांचं असं बांधकाम इतकी शतकं टिकून राहिल्याची उदाहरणं देशात मोजकीच आहेत. तिथे अजून दिवा लागतो, कीर्तन होतं.

संग्रहालयात हस्तिदंती बाईची एक लहानशी मूर्ती आहे. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये तिच्यासारखीच एक मूर्ती निघाली, आणि अभ्यासक दोघींची तुलना करतात. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकटही तिथेच ठेवलीय. हे संग्रहालय मुळात गावातल्याच एका माणसाने जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलंय. पाऊस पडून गेला की आमच्याकडे मातीतून मणी आणि खापरं वर येतात. आम्ही पोरं ती खेळायला घ्यायचो, रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती आयुष्यभर गोळा केली. आज संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे.

गोरोबाकाकांबद्दल वेगळं सांगत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहेत. नदीकाठी काळेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे आणि चैत्र वद्यात यात्रा भरते. यात्रेत येणाऱ्या माणसांनी मला हा प्रश्न कधीच विचारलेला नाही.

आता जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगते. दादाचं लग्न ठरलं तेव्हा मी कॉलेजात इतिहास शिकत होते. घरी संडास नव्हता. मुलीकडच्यांनी तेवढी एकच अट घातली होती, आणि ती योग्यच होती. परसात शोषखड्डा खणायला घेतला. पुरुषभर खोल गेल्यावर पहार कशावर तरी खणकन आपटली. गवंडी वरून म्हणाला, "आण्णा, रांजण लागलाय जणू."

रांजण नव्हता. भाजलेल्या मातीची कडी होती, दीडेक हात रुंद, एकावर एक नीट बसवलेली. वरचं कडं पहारेने फुटलं होतं, खालची शाबूत होती. आत राखाडी, भुसभुशीत माती आणि खापरं. मी ओळखलं, कारण नुकतंच वाचलं होतं: सांडपाणी जिरवायला त्या काळी अशीच कडी पुरत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच जागी तेच काम केलं होतं.

मी काम थांबवायला सांगितलं. म्हटलं, कळवू या, ते येऊन बघतील, फोटो काढतील, नोंद होईल. आण्णा शांतपणे म्हणाले, "नोंद झाली की जागा आपली राहील का, ते आधी सांग." मला सांगता आलं नाही. मी कायद्याबद्दल बोलत राहिले, आवाज चढवला, रडलेही. दादा मधे पडला नाही. गवंडी पहार टेकवून बसून राहिला, त्याचा रोज भरतच होता. शेवटी आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मी म्हातारी होईस्तोवर अंधारात भायेर जायाचं का?"

संध्याकाळपर्यंत वरची कडी फोडून काढली. त्यांच्या जागी सिमेंटची कडी उतरवली. फुटलेली खापरं घमेल्यांनी भरून रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात टाकली. खालची कडी तशीच आहेत, आमच्या घराचं पाणी आज त्यांच्यातून जिरतं.

त्या दिवशीची ती मुलगी अजून माझ्याशी भांडते. तिचं म्हणणं असं की एक दिवस, फक्त एक दिवस थांबले असते तर निदान एक फोटो राहिला असता. तिचं बरोबर आहे. मी तिला सांगते, ज्या बाईने जन्मभर पहाटे चारला उठून, पावसापाण्यात, अंगात ताप असताना बाहेर जाऊन काढलं, तिला 'अजून एक दिवस थांब' असं तू कोणत्या तोंडाने म्हणणार होतीस? हेही बरोबर आहे. लामतुऱ्यांनी गोळा केलं म्हणून संग्रहालय झालं, हे मला दिसतं. त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या पाये खणले गेले, त्यातून निघालेल्या विटांवर माणसांची घरं उभी राहिली, हेही दिसतं. त्या माणसांना दोष देणारे लेख मी वाचते तेव्हा मला राग येतो. त्यांची बाजू घेणारे वाचते तेव्हाही येतो.

म्हणून "नगर कुठंय" असं कुणी विचारलं की मी गप्प होते. नगर घरांखाली आहे. ते बघायचं तर घरं हलवावी लागतील, आणि घरं हलवून जे दिसेल ते तेर असेल का, मला सांगता येत नाही.

यायचं असेल तर जरूर या. आधी संग्रहालय, मग त्रिविक्रम, मागच्या बाजूने सुद्धा, मग समाधी आणि नदी. घाई करू नका, आणि परतताना वेळ वाया गेला असं वाटलं तर मला तसं सरळ सांगा.

दादाला आता परसात दोन खोल्या वाढवायच्या आहेत. पोरं मोठी झाली, जागा पुरत नाही. पाया दिवाळीनंतर खणायचाय. मी त्याला म्हटलंय की खणताना मला बोलाव. "कशाला?" असं त्याने विचारलं. अजून मी त्याला उत्तर दिलेलं नाही.