उपसाबंदीच्या दिवसांत अंगणातलं लॉन

टंचाईच्या वर्षी पंचगंगेवर उपसाबंदी लागली की काठावरच्या शेतकऱ्याची मोटार ठरलेले दिवस बंद राहते, डोळ्यांदेखत ऊस वाळला तरी. अशा वेळी काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं आणलेलं, शुद्ध केलेलं पाणी कोल्हापूर शहरात गवतावर सोडणं मला अजिबात पटत नाही. महापालिकेच्या सूचनेची वाट न बघता नळाची पाइप लॉनवरून उचला.

हिशेब बघा. 500 चौरस फुटांचं लॉन म्हणजे 46 चौरस मीटर. कडक उन्हात ते हिरवंगार ठेवायला रोज साधारण 5 मिलिमीटर, म्हणजे 230 लिटर पाणी लागतं. शहरात माणशी 135 लिटरचा निकष आहे. जवळजवळ दोन माणसांचं पाणी झालं!

हरळी असेल तर घाबरू नका. पानं पिवळी पडतात, पण जमिनीतल्या कांड्या जिवंत राहतात. पंधरा दिवसांतून एकदा 12 मिलिमीटर, म्हणजे साडेपाचशे लिटर बोअरचं पाणी तिला तगायला पुरतं. 15 लिटरची बादली मिनिटात भरत असेल तर 37 मिनिटं पाइप चालवायची, तीही पहाटे. काळ्या जमिनीत मात्र हे एका दमात देऊ नका. अर्धं पाणी भेगांतून खोल जातं, उरलेलं गटारीला. आधी दहा मिनिटं शिंपडून भेगा मिटू द्या, तासाभरानं बाकीचं द्या. गवत दोन इंचांखाली कापू नका, युरिया तर नकोच. कोवळी वाढ उन्हात आधी करपते. कार्पेट लॉन उथळ मुळांचं, ते एवढा ताण सोसत नाही. पावसाळ्यात तिथं हरळीच लावा.

आंघोळीचं, भाजी धुतलेलं पाणी झाडांना चालतं, पण त्याच दिवशी वापरा. वॉशिंग मशीनचं पहिलं पाणी नको. पावडरीतल्या सोडियमनं काळी माती घट्ट होते, मग पाणी मुरतच नाही. आरओचं क्षारयुक्त पाणी फरशीला वापरा.

आंबा, नारळ, लिंबू आधी जगवा. गवत पुन्हा येतं, झाड येत नाही. आळ्यात उसाच्या पाचटाचा चार इंच थर द्या, बुंध्यापासून वीतभर सोडून, नाहीतर वाळवी चढते.

अंगणात सरळ काठाचा डबा ठेवा. वळवानं त्यात दीड सेंटिमीटर पाणी साठलं, तर लॉनची पुढची पाळी चुकवा.