सवय लागलेल्या सशाला जाळी कशाला?

लातूरच्या माझ्या दवाखान्यात म्हशी, देवणी गाई, उस्मानाबादी शेळ्या आणि कुत्री यांचीच गर्दी. ससा क्वचित येतो, आणि येतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. ही आजी नातवाबरोबर आली. ससा पांढरा, गुबगुबीत. "जाग्यावरच बसायलंय, साहेब. गवतबी खाईना," आणि लगेच कौतुकानं, "पण लई शानं हाय. मुतायला ट्रेमधीच जातंय."

टॉवेलात गुंडाळून मागचे पाय पाहिले. टाचांखालचे केस गेलेले, कातडी लालबुंद, डावीकडे खपली. कुत्र्या-मांजराच्या तळपायाला गादी असते, सशाला नसते; फक्त दाट केसांचं अस्तर. बसल्यावर त्याचं बरंच वजन टाचांवर येतं. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असला की ते बारीक तारांवर पडतं, केस झिजतात, कातडी फुटते आणि दुर्लक्ष झालं तर जंतू हाडापर्यंत पोचतात. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं तेव्हा जिवात जीव आला. सशानं खाणं सोडलं की त्याचं आतडं मंदावतं, म्हणून आधी दुखणं कमी करायला मेलॉक्सिकॅम दिलं, मग जखम धुतली.

पिंजऱ्याला जाळीचा तळ कशाला असतो? लेंड्या आणि मूत खाली पडावं, झाडलोट वाचावी म्हणून. मांसासाठी ससे पाळतात तिथली ही सोय, आणि आमच्या शिक्षणातही ससा बहुतेक तेवढ्यापुरताच येतो. पण जो ससा आपणहून ट्रेमध्ये जातो, त्याच्या पायाखाली तार घालण्याचं कारणच काय उरतं? पिंजरा विकणाऱ्यानं हे विचारायला हवं होतं. विचारत कुणीच नाही, आणि ससा दुखणं लपवतो, म्हणून घरच्यांनाही कळत नाही. याचा मला अजून राग येतो.

नातू फोमचे रंगीत तुकडे अंथरणार होता. मी नको म्हणालो. ससा ते कुरतडणार, फोम आतड्यात अडकणार, आणि सशाला उलटी करता येत नाही. गालिच्याच्या फासांत नखं अडकतात. गुळगुळीत टाइलवर पाय फाकतात. मग घरातली फरशी विचारली. "समदी शहाबादी हाय की!"

त्याहून चांगलं काय! पॉलिश न केलेली शहाबादी पाय सरकू देत नाही, आणि आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो तेव्हाही गार राहते. तळ काढून पिंजऱ्याच्या बाजू तेवढ्या फरशीवर उभ्या करायला लावल्या. दुखऱ्या टाचांना नुसता दगड मात्र चालत नाही, म्हणून अर्ध्या जागेत सुती गोधडी: टाके बारीक, सुटा दोरा एकही नको, आणि कुरतडायला लागला तर ताबडतोब काढायची. ट्रेवर बसवलेली प्लास्टिकची जाळीही काढायला सांगितली. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ट्रेत फाडलेला वर्तमानपत्राचा कागद आणि वर सुकं गवत, बस्स.

ससा आता खातो, उड्या मारतो. उजव्या टाचेवर लव आली आहे. डावी अजून उघडीच आहे. तिथं केस पुन्हा येतीलच असं मला छातीठोक सांगता येत नाही. पावसाळ्यात ओलीनं तीच कातडी मऊ पडेल, म्हणून आजींना दुसरी गोधडी शिवायला सांगितली आहे, एक वाळत असताना दुसरी घालायला.